मोबाईलचा एक तास आणि अंगणाचे तीन तास



आजच्या अभ्यासपाठाचा विषय आपल्या प्रत्येकाच्या घरातला आहे. जन्मापासून साधारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना वाढवताना मोबाईल आणि टीव्हीला किती जागा द्यायची आणि अंगणातल्या खेळाला किती? समूहाच्या सभेत हा प्रश्न निघाला की दोन टोकांची उत्तरे ऐकू येतात. एक जण म्हणतो, ‘आजकालची मुले अशीच, त्याला काही इलाज नाही.’ दुसरा म्हणतो, ‘आमच्या वेळी कुठे होते हे सारे? फेकून द्या तो मोबाईल.’ पहिल्या उत्तरात हात टेकणे आहे. दुसऱ्या उत्तरात बहुतेक वेळा सुनेला मारलेला टोमणा असतो. दोन्हींनी मुलाचे काही भले होत नाही. म्हणून आज आपण कुणालाही दोष न देता हा प्रश्न नीट समजून घेऊ आणि घरी जाऊन काय करता येईल ते ठरवू.

१. मोबाईल घरात मदतीला आला

मोबाईल मुलांच्या हाती आपणच दिला, पण लाड म्हणून नव्हे. आई-वडील दोघेही सकाळची लोकल पकडून मुंबईला जातात. घरी आजी असते. तिचे गुडघे दुखतात, चुलीवर किंवा गॅसवर काहीतरी असते आणि दोन वर्षांचे नातवंड घरभर धावत असते. मोबाईलवर गाणे लावले की ते एका जागी बसते आणि चार घास पोटात जातात. ज्या घरात मदतीला दुसरे कुणी नाही, त्या घराला हे शहाणपण शिकवणे सोपे आहे, पाळणे कठीण आहे.

पुढे २०२० च्या मार्च महिन्यात कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि मोबाईल हीच पाटी झाली. ज्या घरात एकच फोन होता, तिथे तो मुलाच्या वर्गासाठी बाजूला ठेवावा लागला. कुणाचे वडील आखातात आहेत, कुणाचे जहाजावर. त्यांचा चेहरा मुलाला रोज दिसतो तो या छोट्याशा पडद्यावरच. तेव्हा मोबाईल म्हणजे सैतान, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. तो घरातल्या विळीसारखा आहे. विळीशिवाय स्वयंपाक होत नाही, पण ती रांगत्या मुलाजवळ कुणी उघडी ठेवत नाही.

२. किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचा सारांश असा:

एक वर्षाच्या आतील बाळ: पडदा अजिबात नको. जे बाळ अजून रांगत नाही, त्याला जागेपणी दिवसातून सर्व मिळून निदान ३० मिनिटे पालथे घालून खेळू द्यावे.

एक ते दोन वर्षे: दिवसभरात निदान १८० मिनिटे, म्हणजे तीन तास, चालणे, चढणे, धावणे, खेळणे. एक वर्षाच्या मुलाला बसून पाहण्याचा पडदा नको. दोन वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. झोप ११ ते १४ तास, दुपारची धरून.

तीन ते चार वर्षे: हालचाल तीन तासच, पण त्यातला निदान एक तास दम लागेल असा खेळ. पडदा एक तासाच्या आत. झोप १० ते १३ तास.

आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही जवळजवळ हेच सांगते. दोन वर्षांच्या आत पडदा नको, मात्र दूरच्या नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओवर बोलायला हरकत नाही. तेव्हा आखातातल्या बाबांशी बोलणाऱ्या बाळाच्या आईने मनात अपराधी वाटून घेऊ नये. त्या पडद्यावर एक जिवंत माणूस बाळाला हाक मारतो आणि बाळ हसले की तोही हसतो. कार्टूनचे तसे नसते.

हे आकडे वाचताना आपले लक्ष लगेच मोबाईलच्या एका तासाकडे जाते. खरे तर अंगणाच्या तीन तासांकडे आधी पाहायला हवे. दिवसाचे तास चोवीसच. मुलाच्या दिवसातून झोप, जेवणखाण, आंघोळ वजा केली, तर उरलेल्या वेळात खेळाचे तीन तास आधी बसवावे लागतात. ते बसवले की मोबाईलला जागा आपोआप कमी उरते. नुसता मोबाईल काढून घेतला आणि त्या जागी काहीच दिले नाही, तर मूल रडणारच.

३. पडद्यावरून बाळ शिकत का नाही?

‘पण त्यात एबीसीडी असते, आकडे असतात, मूल शिकते की!’ असे पालक म्हणतात. याबाबत अमेरिकेतील सिएटल येथे पॅट्रिशिया कूल या संशोधक बाईंनी केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना त्यांनी चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळणी दाखवत, गोष्टी वाचत बोलली. बारा बैठकांनंतर ही बाळे त्या भाषेतील वेगळे उच्चार ओळखू लागली. दुसऱ्या बाळांना तीच माणसे, तेच बोलणे, पण टीव्हीच्या पडद्यावर दाखवले. त्या बाळांच्या पदरी काहीच पडले नाही.

याचे कारण आपल्या आज्यांना कधीच ठाऊक होते. बाळ माणसाकडून शिकते. ते ज्या वस्तूकडे बघते, तिचे नाव आजी त्याच क्षणी घेते. ‘काऊ बघ, उडाला बघ.’ बाळ काहीतरी हुंकारते, आजी त्याला उत्तर देते. पडद्यावरचे चित्र बाळाकडे पाहत नाही आणि त्याच्या हुंकाराला थांबत नाही. दोन-अडीच वर्षांपुढचे मूल पडद्यावरून थोडेफार शिकू लागते, पण तेव्हाही शेजारी मोठे माणूस बसून बोलत असेल तर अधिक शिकते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेऊ. कार्टून बंद केले की मूल आकांडतांडव करते आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू व्हावा अशीच व्यवस्था मोबाईलमध्ये केलेली असते. गोष्टीला शेवट असतो, खेळाला डाव संपतो, ताटातला भात संपतो. हे मात्र संपतच नाही. जिथे मोठ्या माणसांचे रात्रीचे बारा वाजतात, तिथे तीन वर्षांच्या मुलाने आपणहून थांबावे ही अपेक्षा जास्तच नाही का?

जेवताना पडदा लावला की घास पटापट जातात हे खरे. पण मूल काय खाते, किती खाते, पोट भरले की नाही, याकडे त्याचे स्वतःचे लक्षच राहत नाही. भुकेची आणि तृप्तीची जाणीव ही याच वयात शिकायची गोष्ट आहे.

येथे एक सूचना. मूल वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, किंवा दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर ‘मोबाईलमुळे असेल’ किंवा ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ असे म्हणून थांबू नये. डॉक्टरांना दाखवावे आणि कानांची तपासणी करून घ्यावी. कारण कधी वेगळेच असते आणि लवकर कळले तर पुष्कळ करता येते.

४. खेळ म्हणजे फुकट गेलेला वेळ नव्हे

‘दिवसभर नुसता खेळतो’ अशी तक्रार आपण करतो. आता आपलेच जुने खेळ जरा तपासून पाहू. सागरगोटे खेळताना बोटांना जी पकड येते, तीच पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडते. ठिकरीच्या चौकोनांत लंगडी घालताना तोल सांभाळणे आणि आकडे मोजणे एकदमच होते. लपाछपीत राज्य आलेल्या मुलाला डोळे झाकून थांबावे लागते आणि लपलेल्याला हसू दाबावे लागते. मनावर ताबा ठेवण्याचा हा पहिला धडा आहे. लगोरीत नेम आहे, पळणे आहे आणि आपल्या गड्याने रचलेली लगोरी सांभाळणेही आहे. भातुकलीत चार वर्षांची मुलगी आई होते, बाहुलीला ताप येतो, डॉक्टर येतात. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पिण्याची ही सुरुवात असते.

या खेळांत भांडणेही होतात. ‘मी आऊट नाही’ यावरून तासभर वाद चालतो आणि शेवटी खेळ पुढे चालू राहावा म्हणून कुणीतरी नमते घेते. हरणे, रुसणे आणि पुन्हा डावात येणे हे मोबाईलवर शिकता येत नाही. तिथे हरले की बटण दाबून नवा डाव मिळतो, कुणाची समजूत काढावी लागत नाही.

आपल्याच पालघर जिल्ह्यात हे फार पूर्वी ओळखलेल्या दोन बाई होऊन गेल्या. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने गरीब आदिवासी पाड्यांवर कुठून आणायची? त्यांनी बिया, पाने, शंख-शिंपले, माती, काड्या हीच साधने केली. मुले बालवाडीत येईनात, तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर पोहोचला आहे. आपल्या वाड्यांतही चिंचोके, करवंट्या, नारळाच्या झावळ्या आणि केळीची सोपटे आहेत. खेळणी विकत आणायची पंचाईत आपल्याला नाही.

५. डोळ्यांसाठी ऊन

लहान वयात चष्मा लागण्याचे प्रमाण वाढते आहे. दूरचे न दिसण्याचा हा दोष रोखायला बाहेरचा उजेड मदत करतो, असे संशोधनातून दिसले आहे. चीनमधील ग्वांगझो शहरातील बारा शाळांत पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. सहा शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक तास मैदानात वाढवला, सहा शाळांनी काही बदलले नाही. तीन वर्षांनी मैदानात जाणाऱ्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांना हा दोष जडला होता, तर इतर शाळांत सुमारे ४० टक्के मुलांना. औषध नाही, खर्च नाही, फक्त ४० मिनिटे उघड्यावर. भर दुपारचे ऊन टाळून सकाळ-संध्याकाळचा उजेड मुलांना मिळेल असे आपण पाहू.

६. आपल्या हातातला मोबाईल

हा मुद्दा थोडा बोचेल, पण वगळता येत नाही. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी हसत-बोलत खेळते. मग काही क्षण ती चेहरा अगदी निर्विकार ठेवते, बोलत नाही, हसत नाही. बाळ आधी हसून पाहते, हात पुढे करते, ओरडते. आई तशीच राहिली की ते तोंड फिरवते आणि रडू लागते. तेव्हा हातातले मोबाईल नव्हते. आज आई-बाबा मोबाईलमध्ये पाहत असतात तेव्हा त्यांचा चेहरा कसा असतो, हे आपण एकमेकांकडे बघून ठरवावे.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी मुले आणि माध्यमे हाच विषय निवडला होता. माध्यमे मुलांना घडवतात हे खरे, पण मुलांनी माध्यमांशी कसे वागावे हेही त्यांना शिकवावे लागते, असा त्या संदेशाचा रोख होता. हे शिकवणे शब्दांनी होत नाही. बाबा जेवताना फोन बाजूला ठेवतात हे मूल पाहते आणि ठेवत नाहीत हेही पाहते.

७. खेळायचे कुठे?

ही अडचण खरी आहे. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, गल्लीत दुचाक्या सुसाट येतात, बावखलाची आणि विहिरीची भीती वाटते. मुलाला एकटे सोडून देणे शक्य नाही आणि तसे करूही नये. पण जे एका घराला जमत नाही ते पाच घरांना जमते. पाच घरांनी आठवड्याचे पाच दिवस वाटून घ्यावेत. ज्या घराचा दिवस, त्या घरातील एक मोठे माणूस संध्याकाळी पाच ते सहा सर्व मुलांवर लक्ष ठेवील. त्याने खेळ शिकवायचा नाही, फक्त तिथे बसायचे, पाण्याकडे आणि रस्त्याकडे कुणी जात नाही ना हे पाहायचे. ज्यांना गुडघ्यांमुळे धावता येत नाही त्या आजींनाही हे काम जमेल. गाड्या अंगणात ठेवणाऱ्यांनी तेवढा एक तास त्या कडेला घ्याव्यात.

पावसाळ्यात ओटी किंवा इमारतीचा जिना, बंद खोलीत चादरीचा तंबू, कणकेचा गोळा, पाण्याची बादली आणि दोन वाट्या एवढे पुरते. पाण्याच्या बादलीजवळ मात्र लहान मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये. आणि मूल ‘मला कंटाळा आला’ म्हणाले तर लगेच घाबरून जाऊ नये. दहा मिनिटे कंटाळू द्यावे. नवा खेळ बहुधा त्या दहा मिनिटांनंतरच सुचतो.

मिस्सा चालू असताना मूल शांत राहावे म्हणून फोन देण्याची सवयही आता दिसते. त्याऐवजी मुलाला बाहेर थोडे फिरवून आणावे, मेणबत्त्या, फुले, रंगीत काचा दाखवाव्यात. मुलाच्या थोड्या चुळबुळीमुळे मागे वळून डोळे वटारणाऱ्या आपण मोठ्यांनीही जरा सांभाळून घ्यावे. प्रभू येशूने बाजारात पावा वाजवून सवंगड्यांना नाचायला बोलावणाऱ्या मुलांचा दाखला दिला आहे (मत्तय ११). मुलांचा खेळ त्याने पाहिला होता, हे आपण विसरू नये.

८. घरासाठी सहा साधे नियम

(१) जेवणाच्या पाटावर आणि झोपायच्या खोलीत पडदा नाही, मोठ्यांचाही नाही. झोपण्यापूर्वीचा तास गोष्टीसाठी ठेवावा.
(२) दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला जे दाखवायचे ते मोठ्याने आधी पाहून निवडावे आणि शेजारी बसून दाखवावे. शक्य तर मोबाईलऐवजी टीव्हीवर दाखवावे, म्हणजे सर्वांना दिसते.
(३) पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. ‘हे एक संपले की बंद’ असे आधीच सांगावे आणि ते पाळावे.
(४) बंद केल्यावर लगेच हाती काहीतरी द्यावे: चेंडू, खडू, वाटाणे सोलण्याचे काम. लहान मुलांना घरकाम हा खेळच वाटतो.
(५) रडे थांबवण्यासाठी मोबाईल देऊ नये. पहिला आठवडा जड जातो, रडणे वाढतेही. घरातील सगळ्यांनी एकच धोरण ठेवले तर ते हळूहळू ओसरते. आईने नाही म्हणायचे आणि आजोबांनी गुपचूप द्यायचे, असे झाले तर काही साधत नाही.
(६) आजारपण, लांबचा प्रवास, घरातील अडचण अशा दिवशी नियम मोडला तर खंत करू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावे.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली मंजूर केलेल्या बालहक्क करारात, त्याच्या ३१ व्या कलमात, खेळ हा मुलाचा हक्क म्हणून नोंदवला आहे. भारताने १९९२ मध्ये हा करार मान्य केला. आपल्या घरातले मूल हा हक्क मागायला कुठे जाणार नाही. ते फक्त आपला पदर ओढील आणि ‘चल ना खेळायला’ म्हणेल.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील लहान मुलाचा कालचा दिवस आठवा. खेळ किती तास झाला, पडदा किती आणि झोप किती?
२. मुलाच्या हाती मोबाईल देण्याची वेळ बहुधा केव्हा येते? त्या वेळी घरातील दुसरे कोण मदत करू शकेल?
३. आपल्या आळीत मुलांना खेळायला सुरक्षित अशी कोणती जागा आहे? ती मोकळी ठेवण्यासाठी कोणाशी बोलावे लागेल?
४. आपल्या लहानपणीचा कोणता खेळ आपण नातवंडांना शिकवू शकतो?

या आठवड्याचे काम: पुढच्या रविवारपर्यंत रोज संध्याकाळी अर्धा तास घरातील सर्व मोबाईल एका टोपलीत ठेवावेत आणि तेवढा वेळ मुलाला ठरवू द्यावे की आज काय खेळायचे.